पाचांतला मोठा कोण? बास्केटबॉलमधल्या जागांचा इतिहास

आज आपण हाती घेतलेला प्रश्न वरवर पाहता शिळोप्याच्या गप्पांतला वाटेल. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएत, जिंकण्यासाठी पाचांपैकी कोणती जागा सगळ्यांत महत्त्वाची? पण या प्रश्नाच्या उत्तरावर संघांनी अमाप पैसा लावला आहे, आणि एका शहराच्या हातून त्यापायी काय निसटलं तेही आपण पाहणार आहोत. शिवाय कारण नेमकं कशाला म्हणायचं, हा आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गातला जुना प्रश्न इथे घामाघूम होऊन धावताना दिसतो.

ज्यांनी शाळा सुटल्यावर हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एका संघाचे मैदानावर पाच जण. पॉइंट गार्ड चेंडू घेऊन येतो, डाव रचतो. शूटिंग गार्ड दुरून नेम धरतो. दोन फॉरवर्ड, एक चपळ, एक दांडगा. आणि पाचवा सेंटर, बहुधा सगळ्यांत उंच. आता गंमत बघा, हा उभा राहतो बास्केटखाली, मैदानाच्या टोकाला, आणि नाव मात्र मध्याचं! १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला. तेव्हा, आणि पुढे १९३७ पर्यंत, प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यावर आणून वर उडवत. तो टोलवायला उंच माणूस लागे. प्रथा गेली, नाव उरलं.

उंच माणसाचं खरं राज्य सुरू झालं जॉर्ज मायकनपासून. उंची ६ फूट १० इंच, डोळ्यांवर जाड चष्मा, संघ मिनिआपोलिस लेकर्स. १९४९ ते १९५४ या सहा हंगामांत पाच विजेतेपदं. त्याला आवरायचं कसं? २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सनी एक उपाय काढला: चेंडू धरून उभंच राहायचं. सामना त्यांनी जिंकला, १९ विरुद्ध १८! प्रेक्षकांचं काय झालं असेल विचार करा. मग नियमच बदलायला लागले. बास्केटसमोरचा जो पट्टा, जिथे हल्ला करणाऱ्याला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, तो १९५१ मध्ये ६ फुटांचा १२ फूट केला. १९५४ मध्ये सिरॅक्यूजच्या डॅनी बियासोन यांच्या आग्रहाने २४ सेकंदांचं घड्याळ आलं, तेवढ्या वेळात नेम टाकलाच पाहिजे. एखाद्या जागेचं महत्त्व त्या जागेत मुरलेलं नसतं, नियमांनी ते दिलेलं असतं, आणि नियम ते काढूनही घेतात.

आता आपण खऱ्या मुद्द्यावर येऊ, आणि इथे जरा रेंगाळू.

बॉस्टन सेल्टिक्सकडे १९५० पासून बॉब कूझी होता. त्या काळातला सर्वोत्तम पॉइंट गार्ड, चेंडूशी हातचलाखी करणारा. सहा हंगाम गेले, विजेतेपद एकही नाही. १९५६ च्या डिसेंबरात, मेलबर्न ऑलिंपिक आटोपून, बिल रसेल नावाचा सेंटर संघात आला. १९५७ ला बॉस्टन पहिल्यांदा जिंकलं. रसेल १३ हंगाम खेळला, त्यांत ११ विजेतेपदं. मधे १९६३ ला कूझी निवृत्त झाला, तरी विजय थांबले नाहीत. १९६९ ला रसेल गेला, आणि पुढच्याच हंगामात बॉस्टन बाद फेरीतसुद्धा पोचलं नाही.

आपल्याकडच्या नैयायिकांनी याला अन्वय-व्यतिरेक म्हटलं असतं. ते असलं की हे असतं, ते नसलं की हे नसतं. कूझी असून विजय नव्हता, कूझी नसूनही विजय होता. रसेल असला की विजय, नसला की नाही. इतका स्वच्छ दाखला इतिहासात सहसा मिळत नाही. सिद्ध झालं ना, सेंटर सगळ्यांत महत्त्वाचा?

थांबा. त्याच काळात, त्याच जागेवर विल्ट चेंबरलेन उभा होता. रसेलहून उंच, रसेलहून बलवान. १९६१-६२ च्या हंगामात त्याची सरासरी होती सामन्यामागे ५०.४ गुण, आणि २ मार्च १९६२ ला हर्शी गावात त्याने एकट्याने १०० गुण केले. रसेलची कारकिर्दीतली सरासरी १५.१. विजेतेपदं? चेंबरलेनची दोन. म्हणजे हेतू व्यभिचारी ठरला: कारण हजर आहे, कार्य गैरहजर.

मग रसेलमध्ये काय होतं? तो अडवायचा. आणि अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्यापेक्षा आपल्याच गड्याकडे हलकेच वळवायचा. अशा अडवणुकीची एनबीएत अधिकृत नोंद सुरू झाली १९७३-७४ पासून, रसेल निवृत्त होऊन चार वर्षं उलटल्यावर. ज्या गोष्टीने सामने जिंकले तिला वहीत रकानाच नव्हता! चेंबरलेनचंही बघा. १९६६-६७ मध्ये त्याने स्वतःचे गुण २४.१ वर आणले, चेंडू इतरांना देऊ लागला, आणि त्याच वर्षी तो पहिल्यांदा विजेता झाला. जागा तीच, माणूस तोच, काम बदललं.

पण लोकांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच की सेंटरशिवाय जिंकता येत नाही. त्यांना दोष देऊ नये. मायकन, रसेल, चेंबरलेन, करीम अब्दुल-जब्बार, बिल वॉल्टन, १९८३ ला मोझेस मलोन, रांगच होती. आता १९८४. नवे खेळाडू निवडण्याची वेळ. ह्यूस्टन आणि पोर्टलंड यांच्यात पहिल्या निवडीसाठी नाणं उडवलं, ह्यूस्टन जिंकलं, त्यांनी हकीम ओलाजुवान हा सेंटर घेतला. योग्यच केलं, पुढे त्याने त्यांना दोन विजेतेपदं दिली. दुसरी निवड पोर्टलंडची. वॉल्टन या सेंटरच्या जोरावरच ते १९७७ ला जिंकले होते. शूटिंग गार्ड म्हणून क्लाइड ड्रेक्सलर त्यांच्याकडे आधीच होता. रिकामी होती सेंटरची जागा. त्यांनी सॅम बोवी घेतला, ७ फूट १ इंच, पायाच्या दुखापतीने कॉलेजातले दोन हंगाम बुडालेला. तिसऱ्या निवडीला शिकागोने शूटिंग गार्ड घेतला. मायकल जॉर्डन.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे: बोवीचे पाय पुन्हा मोडले, आणि जॉर्डनने सहा विजेतेपदं मिळवली, तीही अगदी साधारण सेंटर जोडीला घेऊन. १९९२ च्या अंतिम फेरीत समोर पोर्टलंडच होतं. पहिल्याच सामन्याच्या पूर्वार्धात जॉर्डनने त्यांच्यावर ३५ गुण चढवले.

पोर्टलंडवाले मूर्ख नव्हते. त्यांनी सामान्य पाहिलं, विशेष पाहिला नाही. आणि हे काही एकदाच घडलं असं नाही. २०१८ ला सॅक्रामेंटो किंग्जने, ज्या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे आपल्या मुंबईचे, दुसऱ्या निवडीला मार्विन बॅगली हा उंच खेळाडू घेतला. पॉइंट गार्ड डीॲरन फॉक्स आधीच संघात होता. पुढच्याच निवडीत लुका डॉनचिच गेला. चौतीस वर्षांनी तेच!

मधल्या काळात जागांच्या भिंती पडत होत्या. १९८० च्या अंतिम फेरीत अब्दुल-जब्बारचा घोटा दुखावला. सहाव्या सामन्यात लेकर्सनी सेंटर म्हणून उभा केला मॅजिक जॉन्सन, वीस वर्षांचा नवखा पॉइंट गार्ड. ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट, आणि विजेतेपद. त्याच १९७९-८० च्या हंगामात एनबीएत तीन गुणांची रेषा आली. तिचा खरा परिणाम दिसायला तीस-पस्तीस वर्षं लागली. २०१५ च्या अंतिम फेरीत गोल्डन स्टेट १-२ असं मागे पडलं. त्यांनी आपला सेंटर बोगट बसवला, बुटक्यांचा संघ उतरवला, ६ फूट ६ इंचांच्या ड्रेमंड ग्रीनला बास्केटखाली लावलं, आणि सलग तीन सामने जिंकले. त्याआधीच, २०१३ पासून, ऑल-स्टार सामन्याच्या मतपत्रिकेवरून सेंटर हा रकाना काढून टाकलेला होता.

मग शेवटी उत्तर काय, असं तुम्ही विचारणार. आम्हाला विचाराल तर, बचावात अजूनही बास्केटजवळचा माणूस. तो चुकला तर मागे कोणी नसतं, बाकी चौघांच्या चुका तो झाकतो. चढाईत मात्र ज्याच्या हाती चेंडू तो, त्याची जागा कोणतीही असो. दोन्ही कामं एकाच माणसात फार क्वचित येतात.

आणि नेमकं तसं काहीसं २०२३ ला डेन्व्हरमध्ये झालं. निकोला योकिच, सर्बियाचा सेंटर. उड्या बेताच्याच, बचावात तो रसेल नव्हे, पण डाव रचतो पॉइंट गार्डसारखा. डेन्व्हरला त्यांचं पहिलं विजेतेपद त्यानेच मिळवून दिलं. २०१४ मध्ये त्याची निवड झाली तेव्हा क्रमांक होता ४१ वा. चाळीस वेळा संघांनी आपापली रिकामी जागा पाहिली आणि दुसरंच नाव पुकारलं.

चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मंडळींना माइक द्या.