संगणक आणि माहिती प्रणालीचा पहिला कोर्स : आयर्लंडमध्ये सुरुवात कशी करावी?



आयर्लंडमध्ये आलेल्या आपल्या बऱ्याच घरांत एक जण आयटीत नोकरीला असतो आणि दुसरी व्यक्ती बी.कॉम. किंवा बी.ए. करून, तिकडची चांगली नोकरी सोडून आलेली असते. मुले शाळेत रुळली की प्रश्न पडतो, आता आपले काय? "एखादा कॉम्प्युटरचा कोर्स कर" असे सगळेच सांगतात. पण कोणता, कुठे आणि किती खर्चाचा, हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून ही माहिती एकत्र दिली आहे.

एमएस-सीआयटी झाले आहे, मग पुन्हा कशाला?

आपल्यापैकी अनेकांनी महाराष्ट्रात एमएस-सीआयटी केलेले असते. युरोपात तसाच ईसीडीएल, म्हणजे आताचा आयसीडीएल, प्रसिद्ध आहे. त्याची मुख्य संस्था डब्लिनमध्येच आहे. हे कोर्स संगणक वापरायला शिकवतात. कॉलेजचा पहिला कोर्स संगणकाला काम सांगायला शिकवतो, आणि एखाद्या संस्थेत माहिती कुठे तयार होते, कुठे साठवली जाते व कोणाला लागते याचा विचार करायला लावतो. दोन्हींत बराच फरक आहे.

आधी 'लेव्हल' समजून घ्या

आयर्लंडमध्ये २००३ पासून सर्व शिक्षणाची दहा पायऱ्यांची राष्ट्रीय चौकट आहे. आपल्या कामाच्या पायऱ्या अशा :

- लेव्हल ५ : प्राथमिक सर्टिफिकेट. अनेक वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसणाऱ्यांसाठी उत्तम.
- लेव्हल ६ : ॲडव्हान्स्ड किंवा हायर सर्टिफिकेट.
- लेव्हल ७ : साधी पदवी.
- लेव्हल ८ : ऑनर्स पदवी. दुसऱ्या विषयातील पदवीधरांसाठी 'हायर डिप्लोमा'ही याच पायरीवर असतो. त्यालाच इकडे कन्व्हर्जन कोर्स म्हणतात.
- लेव्हल ९ : मास्टर्स.

आपली भारतातील पदवी कोणत्या पायरीच्या जवळची आहे हे 'नॅरिक आयर्लंड'च्या संकेतस्थळावर पाहता येते. ही सेवा क्यूक्यूआय ही सरकारी संस्था चालवते. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी हे जरूर पाहा.

येथे स्वतःचा अनुभव सांगते. पहिल्या वर्षी मी एका संस्थेत लेव्हल न विचारताच पैसे भरले. हाती आलेले प्रमाणपत्र त्या संस्थेचे स्वतःचे होते, राष्ट्रीय चौकटीत त्याला जागाच नव्हती. पुढच्या प्रवेशाला त्याचा काही उपयोग झाला नाही. पैसे गेले ते गेलेच, वर्षही गेले.

कुठे शिकता येते?

- स्थानिक ईटीबी : २०१३ मध्ये देशभर १६ शिक्षण-प्रशिक्षण मंडळे स्थापन झाली. लेव्हल ५ आणि ६ चे कोर्स येथे मिळतात. काही संध्याकाळीही असतात.
- ई-कॉलेज : सोलास या सरकारी संस्थेचे ऑनलाइन कोर्स. घरी बसून आवड तपासायला चांगले.
- तंत्रज्ञान विद्यापीठे : जुनी इन्स्टिट्यूट्स एकत्र येऊन ही बनली. पहिले टीयू डब्लिन, जानेवारी २०१९ मध्ये.
- विद्यापीठे : यूसीडी, डीसीयू, मेनूथ वगैरे. पदवीधरांना कन्व्हर्जनचा मार्ग येथे आहे.

स्टॅम्प आणि फी

फी ठरते ती आपल्या नागरिकत्वावर, इमिग्रेशनच्या स्टॅम्पवर आणि गेल्या पाच वर्षांतील वास्तव्यावर. त्यामुळे एकाच वर्गातील दोघांची फी वेगवेगळी असू शकते. शेजारणीने किती भरले यावर अंदाज बांधू नका.

'स्प्रिंगबोर्ड प्लस' ही २०११ मध्ये सुरू झालेली योजना माहीत हवीच. अटी पूर्ण करणाऱ्या बेरोजगारांना आणि घरची जबाबदारी सांभाळून कामावर परतणाऱ्यांना तिचे कोर्स मोफत असतात. नोकरी करणाऱ्यांना लेव्हल ७ ते ९ साठी फीच्या दहा टक्के भरावे लागतात. मात्र अटींमध्ये स्टॅम्प आणि वास्तव्य दोन्ही पाहिले जातात.

क्रिटिकल स्किल्स परमिटधारकांच्या जोडीदारांना मार्च २०१९ पासून, आणि जनरल परमिटधारकांच्या पात्र जोडीदारांना मे २०२४ पासून, स्टॅम्प १जी मिळून वेगळ्या परमिटशिवाय नोकरी करता येते. म्हणजे शिकून झाल्यावर घरी बसावे लागेल ही जुनी भीती आता बरीच कमी झाली आहे. पण नोकरीची परवानगी आणि फीची सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत करू नका.

पहिल्या वर्षी काय शिकवतात?

प्रोग्रॅमिंग (बहुधा पायथन किंवा जावा), डेटाबेस आणि एसक्यूएल, संगणकाची रचना, नेटवर्क, सिस्टिम ॲनालिसिस आणि थोडे तर्कशास्त्राचे गणित. हे गणित जॉर्ज बूल यांचे. ते १८४९ मध्ये कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. 'अँड', 'ऑर', 'नॉट' शिकताना लक्षात ठेवा, त्यांचा आपल्या या बेटाशी जुना संबंध आहे!

बी.कॉम. झालेल्यांनी घाबरू नये. ज्याला खतावणी कळते त्याला डेटाबेसमधील टेबल लवकर कळते. एकच नोंद दोन ठिकाणी वेगवेगळी असली की हिशेब चुकतो, हेच तत्त्व तेथेही आहे. अवघड जाते ते प्रोग्रॅमिंग, कारण ते पाठ करून येत नाही. रोज अर्धा तास स्वतः लिहा, चुका शोधा.

वेळ, गुण आणि नियम

पाच क्रेडिटच्या एका विषयाला साधारण १०० ते १२५ तास लागतात, त्यात घरचा अभ्यासही आला. बहुतेक ठिकाणी ४० ला उत्तीर्ण आणि ७० च्या पुढे पहिला वर्ग असतो. तेव्हा ६२ गुण पाहून रडू नका, ते चांगले आहेत. मैत्रिणीचा कोड घेऊन थोडा बदलून देणे मात्र येथे गंभीर गुन्हा मानला जातो. वर्षभराच्या असाइनमेंटचे गुण अंतिम निकालात धरले जातात, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागून भागत नाही.

पैसे भरण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा

१. कोर्स कोणत्या लेव्हलचा, किती क्रेडिटचा?
२. प्रमाणपत्र कोण देते?
३. माझ्या स्टॅम्पवर मला नेमकी किती फी पडेल? (उत्तर ई-मेलने लेखी घ्या.)
४. वर्ग किती वाजता, आणि किती दिवस प्रत्यक्ष यावे लागते?
५. कोर्स सोडावा लागल्यास पैसे परत मिळतात का?

या वर्षी ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान नॅरिकवर आपली पदवी तपासून ठेवावी, पाच मिनिटांचे काम आहे. आणि घरातील आयटीवाल्यांना एक विनंती : कोर्सच्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक आणि मुलांचा गृहपाठ तुमच्याकडे!

सर्वांना अभ्यासासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.