लाकडाची सुरी

आपल्या घरची विळी आठवा. पाट लाकडाचा, पातं लोखंडाचं. पोळपाट, लाटणं, रवी, काथवट, सारं लाकडाचं. कापायचं काम तेवढं लोखंडाकडे. ही वाटणी पूर्वी नव्हती आणि आता पुन्हा बदलू लागली आहे. आपण सगळे सुतारकामाच्या तासाला बसलेलो, म्हणून हा इतिहास इथे मांडतो.

1911 साली इंग्लंडमध्ये क्लॅक्टन येथे यू झाडाच्या लाकडाचं, भाल्याचं टोक सापडलं. ते सुमारे 4 लाख वर्षांपूर्वीचं आहे. धातू माहीत नसताना माणूस दगडाने लाकूड तासून हत्यार घडवत होता. पुढे लोखंड आलं. आपल्याकडे नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली लोखंड गाळायची भट्टी उत्खननात मिळाली. धार लोखंडाकडे गेली. लाकडाकडे मूठ उरली.

कारण साधं आहे. लाकडाचं बळ सेल्युलोजच्या तंतूंत असतं, पण लाकडात त्याचा वाटा निम्म्याच्या आतबाहेर. बाकी भाग दुबळा, शिवाय आत पोकळ्या. म्हणून लाकडाची धार लवकर बोथट होते.

2021 साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात तेंग ली आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. लाकूड रसायनात उकळून त्यातलं काही लिग्निन काढलं, मग उष्णता देऊन दाबलं. पोकळ्या मिटल्या. त्यातून सुरी कापून, धार लावून, पाणी मुरू नये म्हणून खनिज तेलात बुडवली. हे लाकूड मूळ लाकडापेक्षा 23 पट कठीण झालं. जेवणाच्या टेबलावरच्या नेहमीच्या सुरीच्या जवळजवळ तिप्पट धार तिला आली, आणि बोथट झाली तर पुन्हा धार लावता येते.

हे वाचताना मला आपले सुतारकामाचे सर आठवले. रंधा हातात देण्याआधी ते लाकडाचे रेषे कोणत्या दिशेला धावतात ते बघायला लावत. उलट्या रेषांवर रंधा चालला की टवके निघत. प्रयोगशाळेतली ती सुरी याच रेषांच्या बळावर उभी आहे.

शाळेत हस्तोद्योग असावा, हा विचार 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडला. हाताने शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं, हे आपण अनुभवलं आहे. आज मात्र आपल्या शाळेतली कार्यशाळा बंद आहे. पटाश्या, करवती कपाटात गंजत आहेत.

मित्रहो, मेळाव्यात भाषणं होतील, फोटो निघतील. त्यासोबत ती खोली पुन्हा उघडण्याचाही ठराव करूया. पहिला धडा मी सुचवतो: बाभळीच्या किंवा शिसवीच्या तुकड्यातून लोणी आणि केळं कापण्यापुरती एक सुरी. रसायन नको, यंत्र नको. करवत, कानस, काचपेपर आणि जवळ उभं राहून रेषा दाखवणारं कुणीतरी पुरे. आपल्यातले बरेच जण आता निवृत्त आहेत. आठवड्याचा एक तास निघायला हरकत नाही.