काष्टीहून नगर : एका राजधानीचे पाणी

काष्टीला दौंड-मनमाड मार्गावरची गाडी धरली की श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर करीत आपण नगरला पोहोचतो. आमच्या मुलांच्या लेखी नगर म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण : कोर्ट, सिव्हिल हॉस्पिटल आणि दाखल्यांसाठीचे हेलपाटे. २०२४ मध्ये त्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण हे शहर शंभरावर वर्षे एका राज्याची राजधानी होते, ही गोष्ट वर्गात चांदबिबीपाशी दोन ओळींत येते आणि तिथेच संपते. म्हणून या वेळची सहल आम्ही नगरलाच नेली. (मुले थोडी हिरमुसली, हे कबूल केले पाहिजे.)

मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ मध्ये सीना नदीच्या डाव्या काठी नवे शहर वसवायला घेतले. जुन्नर त्याच्या हाती होते, दौलताबाद त्याला हवे होते. ही जागा दोहोंच्या मध्ये पडत होती. एवढे आम्ही गाडीत सांगत होतो, तोच आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पण सीनेला तर उन्हाळ्यात पाणीच नसतं. मग राजधानी इथं कशी?"

प्रश्न बिनतोड होता. किल्ला आधी पाहायचा बेत आम्ही मागे टाकला.

नगर पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. निजामशाहीतल्या कारागिरांनी शहराबाहेरच्या कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा उंचावरच्या गावांकडून पाणी आणले. ते उघड्या पाटाने नव्हे, तर जमिनीखालून, चुन्यात बसवलेल्या भाजक्या मातीच्या नळांतून. याला आपल्याकडे खापरी नळ म्हणतात. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार.

राजधानी आधी आणि पाणी मागून, हे काही नगरपुरते नाही. चीनमध्ये कुब्लाईखानाने आजच्या बीजिंगच्या जागी राजधानी उभारली, तेव्हा तिथेही पाण्याची ओढ होती. गुओ शौजिंग या खगोलशास्त्रज्ञाने दूरच्या बाइफू झऱ्याचे पाणी आणले. सरळ वाटेत सखल भाग होता, म्हणून त्याने ते आधी पश्चिमेला वळवले आणि डोंगराच्या पायथ्याने उतार सांभाळत शहरात उतरवले. पुढे त्याच पाण्यावर १२९३ मध्ये नावांचा कालवाही सुरू झाला.

खापरी नळाने मात्र सखल भाग ओलांडता येतो. तो कसा, हे आम्ही फराहबागेत दाखवले. ही बाग शहराच्या आग्नेयेला आहे. तलावाच्या मधोमध उंच कमानींचा महाल आहे. पहिली इमारत मुर्तजा निजामशहाला पसंत पडली नाही, म्हणून ती पाडून सलाबतखानाने पुन्हा बांधली. १५८३ च्या सुमारास ती पुरी झाली. आम्ही गेलो तेव्हा तलाव कोरडा होता. मुले काठावर बसली आणि आम्ही पिशवीतून गवंड्याची पारदर्शक नळी काढली. पाणी भरून मधला भाग खाली सोडला, तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभे राहिले. एक टोक किंचित खाली घेताच त्यातून धार लागली.

"मग नळ कितीही खोल नेला तरी चालेल?" एकाने विचारले.

चालणार नाही. दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि मातीच्या नळाचे सांधे निखळतात. शिवाय चढावर हवा अडकून प्रवाह तुटतो. म्हणून अशा नळांवर जागोजागी उभे उच्छ्वास बांधत. तिथे हवा बाहेर पडते आणि दाब हलका होतो. पुण्याच्या कात्रजच्या जुन्या नळावरही असे उच्छ्वास आहेत. शिक्षकांनी ही नळी जरूर जवळ ठेवावी. खर्च फार नाही.

किल्ल्याला मग तासभरच मिळाला. दगडी तट हुसेन निजामशहाच्या काळातला, १५५९ नंतरचा. १५९५ च्या वेढ्यात शहजादा मुरादच्या सैन्याने तटाखाली सुरुंग पेरले. आतल्या लोकांनी त्यातले दोन शोधून दारू काढून घेतली. तिसरा उडाला आणि तट फुटला. चांदबिबीने रातोरात खिंडार बुजवून घेतले. पुढे वऱ्हाड देऊन तह झाला. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले, तेव्हा चांदबिबीला तिच्याच माणसांनी मारले, आणि किल्ला गेला. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू इथेच कैदेत होते, हे मुलांना ठाऊक होते.

परतण्याआधी शहराच्या पूर्वेच्या डोंगरावर गेलो. तिथल्या तीन मजली अष्टकोनी इमारतीला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. ती सलाबतखानाची कबर आहे. ज्याने फराहबाग पुरी केली, त्याचे नाव लोकांच्या तोंडून पुसले गेले आणि राणीचे चिकटले. एका मुलाने वहीत "चांदबिबी महाल" असे लिहून ठेवले होते. त्याने ते खोडले, थोडा विचार केला आणि खाली लिहिले, "लोक म्हणतात." आम्ही ते तसेच राहू दिले.