तारखांचे रूपांतर व डेटाबेस शोधाचा वेग

बहुतेक डेटाबेसमध्ये तारीख मजकूर म्हणून नव्हे, तर अंकरूपात साठवली जाते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘टाइमस्टॅम्प’ ८ बाइट घेतो आणि १ जानेवारी २००० पासूनचे मायक्रोसेकंद मोजतो. ‘०५ मार्च २०२४’ हे रूप केवळ वाचणाऱ्याच्या सोयीचे. ते शोधाच्या अटीत घुसले की वेग मार खातो.

मायएसक्यूएलमध्ये मार्च २०२४ च्या पावत्या काढताना ‘व्हेअर’ अटीत रकान्यावर ‘डेट_फॉरमॅट’ लावून निकाल ‘२०२४-०३’शी ताडून पाहणे ही सर्रास आढळणारी चूक. रकान्यावरचा इंडेक्स मूळ तारखांचा असतो, त्यांपासून बनवलेल्या मजकुराचा नव्हे. तो बाजूला पडतो आणि एकेका ओळीची तारीख आधी मजकुरात बदलून मग तपासली जाते. त्याऐवजी रकाना तसाच ठेवून ‘१ मार्च किंवा त्यानंतर, पण १ एप्रिलच्या आधी’ अशी अट द्यावी. ‘बिटवीन’ने नुसते ३१ मार्चपर्यंत म्हटले, तर वेळेसह नोंदलेल्या रकान्यात त्या दिवसाच्या जवळजवळ सगळ्या पावत्या गळतात, बहुधा हिशेब जुळेनासा झाल्यावरच हे ध्यानात येते. वेळ यूटीसीत साठवली असल्यास भारतातील दिवस आदल्या तारखेला १८:३० वाजता सुरू होतो. अशा वेळी रकान्याचे नव्हे, अटीतल्या दोन टोकांचे रूपांतर करावे.

निवडलेल्या ओळी दाखवताना होणारा रूपांतराचा खर्च सहसा किरकोळ असतो. एसक्यूएल सर्व्हर मात्र अपवाद: २०१२ च्या आवृत्तीत आलेले ‘फॉरमॅट’ डॉटनेटवर विसंबून असल्याने ‘कन्व्हर्ट’पेक्षा बरेच मंद चालते.