अंतर कोणापासून?
सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांसाठी उत्तर अमेरिकेत एकेकाळी उन्हाळी शिबिरं भरत. घरी रोज चालायचं तेच तिथंही चाले : मुलाला पालथं निजवायचं, पंजा ओंजळीसारखा वाकवायचा आणि पाठीवर थापट्या द्यायच्या, म्हणजे श्वासनलिकांना चिकटलेला घट्ट कफ सुटतो. फरक एवढाच, की शेजारच्या खाटेवरचं पोरही तसंच खोकत असे. १९८०च्या दशकात बर्कहोल्डेरिया सेपेशिया हा घातक जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो याचे पुरावे साठत गेले आणि पुढं ही शिबिरं बंद पडली. अमेरिकेतल्या २००३च्या सूचनांत दोन रुग्णांमध्ये तीन फूट अंतर होतं. २०१३मध्ये ते सहा फूट झालं. ज्याला आपलं दुखणं न सांगता कळतं, त्याच्याच जवळ बसायचं नाही! इतकी कठोर रीत या मुलांनी पाळली. पण फ्लूच्या साथीत त्यांना तारलं ते या रीतीनं, असं म्हणणं मला पटत नाही.

टोरांटोच्या एकाच बालरुग्णालयातून १९८४ साली दोन शोधनिबंध आले. एकानं सेपेशियाचा धोका दाखवला. दुसऱ्यानं, श्वसनमार्गाच्या विषाणू संसर्गांबरोबर या रुग्णांची फुप्फुसं खालावतात, हे दाखवलं. पहिल्यातून रीत घडली, दुसरा तितका मनावर ठसला नाही. कारण उघड आहे. जंतू दुसऱ्या रुग्णाकडून येतो, त्याला टाळता येतं. फ्लू मात्र भावंडाच्या दप्तराबरोबर, बापाच्या शिंकेबरोबर घरात शिरतो. तिथं सहा फुटांचा काय उपयोग? तो श्वासनलिकेच्या अस्तरावरची कफ वर ढकलणारी लव खरवडून काढतो, आणि आधीपासून ठाण मांडून बसलेल्या स्यूडोमोनाससारख्या जंतूंना रान मोकळं मिळतं.

२००९मध्ये एच१एन१ या फ्लूची साथ आली, तेव्हा या रुग्णांबद्दल फार भीती होती. प्रत्यक्षात बहुतेक जण आजारातून निभावले. काही मात्र दगावले. निभावले त्यांना तारलं ते रोजच्या उपचारांनी, असं मला वाटतं. यावर कोणी म्हणेल, तो विषाणूच बऱ्याच जणांना सौम्य गेला, त्यात उपचारांचं श्रेय कसलं? आक्षेप रास्त आहे. शिवाय नोंद झाली ती निदान झालेल्यांची, उपचारकेंद्रांशी जोडलेल्यांची. भारतात तर हा गोऱ्यांचाच आजार या समजुतीपायी कित्येक मुलांचं निदानच होत नसे, ती कुठल्या तक्त्यात सापडणार? तरीही एक गोष्ट उरतेच. गंभीर झाले ते मुख्यतः आधीच झिजलेल्या फुप्फुसांचे रुग्ण. म्हणजे साथ दारात येण्याआधी फुप्फुस किती राखलं होतं, यावर पुष्कळ काही ठरलं. आणि ते राखलं गेलं रोजच्या थापट्यांनी, वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकांनी. फ्लूची लसही दरवर्षी टोचून घ्यायची असते, आणि ती आजारी मुलाबरोबर त्याच्या भावंडांनी, आईबापांनी, घरातल्या आजीनंही.