एक जोडणी, अनेक संगणक

नांदेड किंवा लातूर येथील एखाद्या घरात आज इंटरनेटची एकच जोडणी असते आणि तिच्यावर दोन-तीन मोबाइल, एक संगणक व दूरचित्रवाणी संच एकाच वेळी चालतात. इंटरनेटच्या मूळ आराखड्यात अशी सोय नव्हती. ती टंचाईतून आली, आणि तीही तात्पुरता उपाय म्हणून.

पहिली टंचाई जोडणीची. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, ती मोजक्या महानगरांत. लातूरहून मुंबईला जोडून घ्यायचे तर एस.टी.डी.चा दर मोजावा लागे. मोडेम चालू असेपर्यंत घरचा दूरध्वनी अडकून राही, तो खर्च वेगळाच. साहजिकच एका जोडणीवर अनेक संगणक चालवण्याची गरज भासू लागली.

पण ती पुरेल का? सेकंदाला ५६ हजार बिट वाहून नेणारा मोडेम चौघांत वाटला, तर प्रत्येकाला १४ हजार बिट मिळतील असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. पान उतरवून घेतल्यावर आपण ते वाचत बसतो. तेवढा वेळ तार इतरांसाठी मोकळी असते. वाड्यातल्या चार बिऱ्हाडांना एक नळ पुरतो तो याच कारणाने. मात्र चौघांनी एकदमच घागरी लावल्या, तर रांग लागणारच!

दुसरी टंचाई पत्त्यांची. इंटरनेटवर प्रत्येक संगणकाला स्वतःचा पत्ता लागतो. १९८१ साली हा पत्ता ३२ बिटांचा ठरला, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. तेव्हा ही संख्या अफाट वाटली. दहा-बारा वर्षांतच ती अपुरी पडणार हे दिसू लागले. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक तोडगा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, हे लक्षात घेतले तर काळाचा अंदाज येईल.

तोडगा समजायला लातूरचेच उदाहरण घेऊ. शिक्षणासाठी आलेली मुले भाड्याच्या खोलीत राहतात आणि पत्त्यात घरमालकाचे नाव ‘द्वारा’ म्हणून घालतात. समजा, मालक प्रत्येक खोलीतून जाणारे पत्र स्वतःच्या पत्त्यावरून पाठवतो, त्यावर एक क्रमांक घालतो आणि तो वहीत टिपतो. उत्तर आले की क्रमांक पाहून ते योग्य खोलीत देतो. घरातला राउटर हेच करतो. खोल्यांना द्यायचे खासगी पत्ते फेब्रुवारी १९९६ मध्ये मुक्रर झाले. ‘१९२.१६८’ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते जगातल्या कोणत्याही घरात पुन्हा पुन्हा वापरता येतात.

१९९९ साली विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आली. दोन स्वस्त नेटवर्क कार्डे आणि एक तार एवढ्यावर घरातले दोन संगणक एका मोडेमवर चालू लागले. वेगळी यंत्रणा विकत घेण्याची गरज उरली नाही.

मात्र या उपायाची किंमतही आहे. ज्या पत्राची वहीत नोंद नाही ते मालक परत पाठवतो. म्हणजे आतला संगणक बाहेरून माहिती मागू शकतो, पण बाहेरच्याला आतला संगणक आपणहून गाठता येत नाही. लातूरच्या एखाद्या शाळेने पावसाच्या नोंदी स्वतःच्या संगणकावर जगासाठी खुल्या ठेवायच्या म्हटल्या, तर याच भिंतीशी अडते. शाळा ग्राहक राहते, दाता होणे अवघड जाते.

कायमचा उपाय, १२८ बिटांचा पत्ता, डिसेंबर १९९५ मध्येच मांडला गेला होता. जुन्या पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला, तरीही जुना उपाय चालूच आहे. नव्या पत्त्यांच्या वापरात भारत आज जगात आघाडीवर आहे. पण नवा पत्ता मिळाला तरी दार उघडे ठेवायचे की नाही, हे राउटरच ठरवतो.

वर्गात एक प्रयोग करता येईल. चार मोबाइल एकाच वाय-फायवर जोडा आणि प्रत्येकाचा पत्ता फळ्यावर लिहा. बहुधा शेवटचाच आकडा वेगळा दिसेल. अक्षरे-आकडे मिसळलेला लांबलचक पत्ताही दिसला, तर तो नव्या पद्धतीचा. मग विद्यार्थ्यांना विचारा : यांपैकी कोणत्या पत्त्यावर बाहेरचे जग आपल्याला शोधत येऊ शकेल?