मालाडचा मनोरा आणि मुका ट्रान्झिस्टर

एफएम म्हणजे डिजिटल, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईत उद्घाटन केलेल्या केंद्राप्रमाणे एफएमही अ‍ॅनालॉगच. मध्यम लहरीत ध्वनीचा चढउतार लहरीच्या उंचीत उमटतो, एफएममध्ये तिच्या वारंवारितेत. डिजिटलमध्ये मात्र ध्वनीचे आकडे होऊन ते प्रवास करतात.

विविध भारतीचे केंद्र बोरिवलीत गोराई रस्त्यावर, तर आकाशवाणीचे मध्यम लहरींचे प्रक्षेपण मालाडहून. स्टुडिओतील फितींची जागा संगणकाने घेतली, हे श्रोत्यांना जाणवलेही नाही. प्रक्षेपणाचे तसे नव्हते. आकाशवाणीने डीआरएम ही डिजिटल प्रणाली स्वीकारली आणि देशातील सुमारे पस्तीस मध्यम लहरी प्रक्षेपक, मुंबईसह, त्यासाठी सज्ज झाले. जुना अ‍ॅनालॉग संकेत चालू ठेवून त्याच्या शेजारीच डिजिटल संकेत सोडण्याची सोयही त्यात होती. ती आवश्यकच होती, कारण घाटकोपरच्या चाळीतील ट्रान्झिस्टरला आकडे उमगत नाहीत. त्याला केवळ खरखर ऐकू येते. शिवाय क्षीण झालेला अ‍ॅनालॉग आवाज निदान कुजबुजतो. डिजिटल एका मर्यादेखाली एकदम गप्प होतो.

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंद केले, तेव्हा तेथे डिजिटल संच बहुसंख्य घरांत पोहोचलेले होते. आपल्याकडे क्रम उलटला: मनोरा आधी, संच मागाहून, आणि तेही मुख्यतः नव्या मोटारींत. खरी चूक येथेच झाली.

दरम्यान बोरिवलीचा कार्यक्रम मुलुंडमध्ये मोबाइलच्या अ‍ॅपवर ऐकला जाऊ लागला. त्या वाटेत मालाडचा मनोरा लागतच नाही.